चालते दफ्तर

6 मे 2020 ह्या दिवशी, साथीच्या भयाने जगातील पुष्कळ मोठी शहरे दारे लावून बसलेली असताना, बर्लिनमध्ये जन्मलेले ‘वंडरलिस्ट’ नावाचे एक अ‍ॅप त्याच्या मालकाने, म्हणजे मायक्रोसॉफ्टने, कायमचे बंद केले. करावयाची कामे टिपून ठेवणे, वेळ जवळ आली की आठवण देणे आणि काम उरकले की त्या ओळीवर रेघ मारणे, एवढाच जिचा उद्योग, अशा एका यादीचा अंत ही त्या दिवसांत कोणी दखल घ्यावी अशी घटना नव्हती. आणि तरीही ती वापरणाऱ्या कित्येकांनी तिच्याविषयी असा शोक केला की तिऱ्हाइताला तो अतिरेकी वाटावा. ह्या शोकातील चमत्कारिक भाग असा की शोक करणाऱ्यांचे अर्ज फेटाळले गेले नव्हते. 2017 साली ‘टू-डू’ ह्या आपल्या नव्या अ‍ॅपची घोषणा करताना, वंडरलिस्टमधील उत्तम ते नव्यात आणल्याखेरीज जुने बंद करणार नाही, असे अभिवचन मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे दिले होते, आणि पुढील तीन वर्षांत वापरणाऱ्यांच्या मागण्यांतील एकेक कलम घेऊन ते बव्हंशी पाळलेही होते. मागितले त्यातले पुष्कळसे पदरात पडूनही अर्जदार असंतुष्ट का राहिला, हा प्रश्न मला त्या अ‍ॅपच्या मरणापेक्षा अधिक विचारणीय वाटतो. कारण हल्ली प्रत्येक अ‍ॅप आपल्यापुढे हात पसरून अभिप्राय मागत असते, आणि अभिप्राय देणारा व घेणारा ह्या दोघांनाही, आपण नेमके काय देतो आणि काय घेतो, ह्याचा उलगडा क्वचितच झालेला असतो.

वंडरलिस्टची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. क्रिस्टियान रेबर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी बर्लिनमध्ये ‘सिक्स वंडरकिंडर’ ही कंपनी काढली आणि 2010 च्या नोव्हेंबरात वंडरलिस्ट लोकांच्या हाती दिले. कंपनीचा खरा मनसुबा मात्र निराळा होता. सामुदायिक कामकाजाचा सगळा पसारा एकाच छताखाली आणणारे ‘वंडरकिट’ नावाचे भव्य साधन तिला उभारायचे होते, आणि ही लहानशी यादी त्याची केवळ नांदी म्हणून पुढे केलेली होती. 2012 च्या आरंभी वंडरकिट खुले झाले, आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच कंपनीला ते गुंडाळून पुन्हा यादीकडे वळावे लागले. भव्य वस्तू लोकांना दाखवली असता त्यांनी ती पाहिली, वाखाणली आणि ते पुन्हा आपल्या यादीत बाजारहाट टिपू लागले. एकही अर्ज न लिहिता दिलेला इतका निःसंदिग्ध अभिप्राय दुसऱ्या कोणत्या कारखानदाराला मिळाला असेल असे वाटत नाही. आणि तो वाचता आला, हे त्या मंडळींच्या शहाणपणाचे द्योतकच म्हटले पाहिजे. त्यानंतर दुसरी आवृत्ती आली, 2014 मध्ये तिसरी आली, आणि 2015 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली. किंमत अधिकृतपणे सांगितली गेली नाही. वृत्तपत्रांचा अदमास दहा ते वीस कोटी डॉलरांचा होता.

खरेदीनंतर नव्या मालकाने जुनी इमारत डागडुजी करून राखण्याऐवजी शेजारी नवी बांधावयास घेतली. ‘टू-डू’मधील कामांच्या नोंदी मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज ह्या डाकव्यवस्थेच्या कोठारात ठेवलेल्या असत, त्यामुळे कचेरीतील आउटलुकशी त्या अ‍ॅपचे आपोआप जुळे, मालकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र 2017 मधले ते नवे घर जवळजवळ रिकामे होते. एका कामाच्या पोटात उपकामे लिहिता येत नव्हती, यादी घरच्या माणसांबरोबर वाटून घेता येत नव्हती, कागद जोडता येत नव्हता, याद्यांची गटवारी करता येत नव्हती. मग अर्जांचा ओघ सुरू झाला, आणि ते अर्ज दप्तरी दाखल करून विसरले गेले नाहीत, हे नमूद करणे न्यायाचे होईल. 2018 मध्ये उपकामे आणि सामायिक याद्या आल्या. 2019 मध्ये गट आले, मॅकसाठी स्वतंत्र अ‍ॅप आले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात नव्या रूपाबरोबर बर्लिनच्या दूरचित्रवाणी मनोऱ्याचे ते पार्श्वचित्रही आले, जे वंडरलिस्टच्या जुन्या वापरकर्त्यांच्या डोळ्यांत भरलेले होते. त्याच सप्टेंबरात रेबर ह्यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला ह्यांना जाहीर विनंती केली की वंडरलिस्ट बंद करू नका, मला ते परत विकत द्या. ती मान्य झाली नाही. रेबर पुढे ‘सुपरलिस्ट’ नावाच्या नव्या यादीच्या कामाला लागले आणि 2024 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

मला वाटते, फसगत झाली ती मागण्यांच्या स्वरूपात. वापरणाऱ्याने ‘गट द्या’ असे लिहिले, कारण तेवढेच त्याला नाव घेऊन मागता येत होते. परंतु त्याचे गेले होते ते ह्याहून मोठे काहीतरी होते. सकाळी फोन हातात घेतल्यावर अंगठा आपसूक जेथे जाई ती जागा, एक काम दुसऱ्याखाली ओढताना लागणारी सफाई, आणि मुख्य म्हणजे, एकदा येथे लिहिले की आता ह्याची चिंता मी वाहण्याचे कारण नाही, हा वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने बसलेला विश्वास, ह्यांपैकी एकही गोष्ट मागणीपत्रात कलम म्हणून घालता येत नाही. कलमे बहुतेक मंजूर झाली आणि वहिवाट मात्र मोडली.

ह्या विश्वासाचे महत्त्व किती, हे सांगण्यासाठी बर्लिनचाच आणखी एक दाखला देता येतो. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन ह्यांच्या विद्यार्थिनी ब्लूमा झायगार्निक ह्यांनी 1927 मध्ये तेथील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माणसांना लहानसहान कामे द्यावयाची, त्यांतील काही मध्येच थांबवावयाची, आणि शेवटी कोणती कामे आठवतात ते विचारावयाचे, अशी त्यांची रीत होती. आणि त्यांना असे आढळले की थांबवलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात आठवतात. पुढील संशोधकांच्या हाती हा निष्कर्ष दरवेळी इतक्या ठसठशीतपणे लागला नाही. परंतु 2011 मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी त्यात एक मार्मिक भर घातली: अपुरे काम मनाला टोचत राहते हे खरे, तथापि ते केव्हा आणि कसे करावयाचे ह्याची निश्चित योजना आखली की, काम तसेच पडून असले तरी, टोचणी बंद होते. कामांच्या यादीचे सारे सामर्थ्य ह्या एका गोष्टीत सामावले आहे. हुजूर दफ्तराच्या पेशवेकालीन व्यवस्थेत ‘चालते दफ्तर’, म्हणजे चालू कामकाजाचे दफ्तर, म्हणून एक शाखा असे. माणसाच्या खिशातील ही यादी म्हणजे त्याचे खाजगी चालते दफ्तरच होय, आणि दफ्तर सुरक्षित हाती आहे ह्या खात्रीवरच धन्याची झोप अवलंबून असते. छायाचित्रे सजवण्याचे अ‍ॅप बिघडले तर माणूस चरफडतो आणि दुसरे घेतो. यादीचे अ‍ॅप बदलले तर त्याला आपल्या न झालेल्या कामांचा धाक पुन्हा एकदा स्वतःच्या मनावर घ्यावा लागतो. ह्या अ‍ॅपविषयीच्या तक्रारींचा सूर इतका चढा का असतो, ह्याचे कारण येथे आहे.

आता तक्रारींकडेच वळू. वैद्याकडे जाऊन दुखणे सांगण्याऐवजी औषधाचेच नाव सांगणारे रोगी असतात, तशी ह्या क्षेत्रातील बहुतेक सूचनांची तऱ्हा असते. आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण तारखेचे आहे. पुष्कळ साध्या अ‍ॅपांत प्रत्येक कामापुढे एकच तारीख घालता येते. ज्याने हे अ‍ॅप रचले त्याला ती पुरेशी वाटली असणार, कारण कोष्टकात तारखेचा रकाना एकच असतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र एकेका कामाला निदान दोन तारखा असतात: काम हातात घ्यावयाची एक, आणि ज्यानंतर ते करून उपयोग नाही अशी मुदतीची दुसरी. निवृत्तिवेतन घेणाऱ्या गृहस्थाचा हयातीचा दाखला घ्या. तो नोव्हेंबरात द्यावयाचा असतो आणि महिनाअखेर ही त्याची नेहमीची मुदत. अ‍ॅपमध्ये 30 नोव्हेंबर घातली, तर बँकेतील गर्दी शिगेला पोचल्यावर अ‍ॅपला कंठ फुटतो. म्हणून हा शहाणा गृहस्थ 5 नोव्हेंबर घालतो. पाच तारखेला पाऊस असतो, किंवा पाहुणे येतात, किंवा नुसताच कंटाळा येतो, आणि सहा तारखेपासून ते काम ‘मुदत टळली’ ह्या शेऱ्यासह तांबड्या अक्षरांत लखलखू लागते, जरी मुदत टळावयास पुरते तीन आठवडे अवकाश असतो. अशा खोट्या तांबड्या ओळी वीस-पंचवीस झाल्या की खऱ्या तांबड्या ओळीवरचाही त्याचा विश्वास उडतो. मग तो अर्ज लिहितो. आणि त्या अर्जात तारखेचा उल्लेखही नसतो! तो लिहितो, हा तांबडा रंग डोळ्यांना खुपतो, कृपया बदलावा, अथवा रंग बंद करण्याची सोय ठेवावी.

हा अर्ज अक्षरशः मंजूर करणारा कारागीर रंग बदलील आणि काम निकाली काढल्याच्या समाधानात राहील. रंगाची तक्रार करणाऱ्यालाच ‘गेल्या वेळी कोणते काम तांबडे झाले होते आणि ते खरोखरच चुकले होते का’ असा उलट प्रश्न विचारणारा कारागीर दोन तारखांपर्यंत पोचेल. असे पोचलेले लोक आहेतही. ‘ऑम्निफोकस’ ह्या अ‍ॅपमध्ये काम पुढे ढकलण्याची तारीख आणि मुदतीची तारीख वेगळी असते, जर्मनीतील स्टुटगार्टच्या ‘कल्चर्ड कोड’ ह्या कंपनीच्या ‘थिंग्ज’मध्येही हाती घेण्याचा दिवस आणि अखेरची मुदत असा भेद आहे. आमिर सालिहेफेन्डिच ह्यांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या, पुढे जगभर पसरलेल्या ‘टूडुइस्ट’ने स्वतंत्र मुदतीची सोय 2024 मध्ये केली. एका रकान्यासाठी सतरा वर्षे हा काळ ऐकावयास फार वाटतो. परंतु रकाना वाढवणे म्हणजे प्रत्येक नव्या कामाच्या वेळी प्रत्येक माणसाला एक जादा प्रश्न विचारणे होय, आणि ज्याला केवळ ‘दूध आणणे’ एवढेच लिहावयाचे आहे त्याच्यापुढे दोन तारखांचा खलिता ठेवणे हा जुलूमच आहे. साधेपणा मागणारे आणि सोयी मागणारे हे दोन निराळे लोक नसतात, हीच तर पंचाईत आहे. सकाळी एक मागणारा माणूस संध्याकाळी दुसरे मागतो.

पुनरावृत्त होणाऱ्या कामांत असाच एक बारीक भेद लपलेला आहे. घरभाडे दर महिन्याच्या पाच तारखेस द्यावयाचे. ह्या खेपेस आठ तारखेस दिले म्हणून पुढील खेप आठ तारखेस जात नाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राचा फिल्टर मात्र मागच्या वेळी बदलल्यापासून सहा महिन्यांनी बदलावयाचा. तो दोन महिने उशिरा बदलला तर पुढची तारीखही दोन महिने पुढे गेली पाहिजे, नाहीतर नवाकोरा फिल्टर काढून टाकण्याचा हुकूम अ‍ॅप चार महिन्यांतच सोडील. टूडुइस्टने हा भेद ओळखला. परंतु तो व्यक्त करण्याची युक्ती अशी काढली की ‘एव्हरी’ ह्या शब्दापुढे उद्गारचिन्ह घातले म्हणजे पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजणी होते, न घातल्यास पंचांगाप्रमाणे. युक्ती म्हणून ती सुंदर आहे. एका टिंबाच्या आधाराने उभ्या असलेल्या रेघेत इतका अर्थ दडवल्यावर तो सामान्य माणसाला कसा गवसावा, हे मात्र मला कळत नाही.

काही तक्रारी मुळात तक्रारी नसून मतभेद असतात, आणि त्या निस्तरणे सर्वांत कठीण. टू-डूमध्ये ‘माय डे’ नावाचे एक पान आहे. सकाळी आपण निवडलेली कामे तेथे येतात, आणि मध्यरात्री ते पान पुसले जाते. अपुरी राहिलेली कामे मूळ यादीत शाबूत असतात, दुसऱ्या दिवशी सूचना म्हणून पुढे येतात, पण पानावर आपोआप चढत नाहीत. कालचे ओझे आजच्या डोक्यावर नको, प्रत्येक दिवस कोऱ्या पानाने सुरू व्हावा, असा त्यामागील विचार. काल न झालेले आज आपोआप पुढे आले पाहिजे, असे पुष्कळांचे आग्रहाचे म्हणणे. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. एकाच्या लेखी यादी म्हणजे मनाला दिलेली सवलत, दुसऱ्याच्या लेखी मनावर बसवलेला तगादा; आणि ‘ज्याला जसे हवे तसे’ असा खटका बसवून दोघांनाही वाटेस लावणे हा कारागिराने निर्णय घेण्याचे टाळण्याचा मार्ग आहे. माझा स्वतःचा कौल कोऱ्या पानाच्या बाजूने आहे, आणि माझ्या परिचयातील बहुतेक कामसू माणसे माझ्या विरुद्ध आहेत.

एवढ्या अर्जांचे करावे काय, ह्याविषयी कारागिरांतही पंथ आहेत. ‘बेसकॅम्प’ रचणाऱ्या ‘37 सिग्नल्स’ ह्या अमेरिकन कंपनीने 2006 मधील आपल्या ‘गेटिंग रिअल’ ह्या पुस्तकात उघडउघड सल्ला दिला की मागण्या वाचा आणि विसरून जा. जी खरोखर महत्त्वाची असेल ती मागणी लोकच तुम्हाला विसरू देणार नाहीत. ह्या सल्ल्यात उद्दामपणा आहे तसे शहाणपणही आहे. परंतु जो पुन्हापुन्हा ओरडू शकतो त्याचीच दाद लागावी, असा त्याचा एक परिणाम होतो, ह्याकडे डोळेझाक करता येत नाही. दुसरा पंथ मतदानाचा: मागणी मांडा, इतरांनी तिला मते द्यावी, अधिक मतांची मागणी आधी. दिसावयास हा लोकशाहीचा प्रकार, परंतु मते एकदिलाची असली तरी अडचणी एक नसतात. ‘गट हवेत’ म्हणून मत देणाऱ्या शंभर जणांच्या मनात दहा प्रकारचे गट असू शकतात. जपानी अभ्यासक नोरिआकी कानो ह्यांनी 1984 मध्ये मांडलेले वर्गीकरण मला अधिक उपयोगी वाटते: काही गुण नसले तर माणूस संतापतो आणि असले तर त्यांची दखलही घेत नाही, काही जितके अधिक तितका संतोष अधिक, आणि काही न मागता मिळाले म्हणजे हरखून जातो, शिवाय आजचा हरख उद्याची किमान अपेक्षा होतो. थिंग्जने हे सोसले आहे. ते अ‍ॅप 2008 मध्ये आयफोनवर आले तेव्हा फोन आणि संगणक ह्यांवरील याद्या घरच्या वायफायवरून जुळवता येणे हीच नवलाई होती. थोड्याच काळात कोठूनही आपोआप सिंक होणे हा लोकांना हक्क वाटू लागला, आणि कंपनीने 2012 च्या ऑगस्टात ती सोय सर्वांना देईपर्यंत तिच्या चाहत्यांच्या सहनशीलतेची कसोटी लागली.

परंतु ह्या सर्व पंथांत जो सामावत नाही असा एक मोठा समुदाय आहे, आणि तो कधीच अर्ज करीत नाही. इतर कोणतेही अ‍ॅप गैरसोयीचे वाटले तर माणूस त्या अ‍ॅपला शिव्या घालतो. यादीच्या अ‍ॅपचे तसे नाही. पहिल्या आठवड्यात उत्साहाने चाळीस कामे लिहिली जातात, महिन्याभरात त्यांतील तीस तांबडी होतात, अ‍ॅपच्या चिन्हावरचा आकडा वाढत जातो, आणि एके दिवशी तो आकडा पाहण्याची शरम वाटून माणूस ते चिन्ह फोनच्या शेवटच्या पानावर ढकलतो. आपण आळशी आहोत, आपल्याला शिस्त नाही, असा निकाल तो स्वतःविरुद्ध देतो. अ‍ॅपच्या रचनेत काही खोट असेल ही शंकाही त्याला शिवत नाही. वस्तुतः न झालेल्या कामाविषयी सन्मानाने ‘हे आता करावयाचे नाही’ म्हणण्याची वाट बहुतेक अ‍ॅपांत नसते. काम एकतर पुरे करावयाचे अथवा पुसून टाकावयाचे. विचारपूर्वक सोडून देणे ही तिसरी नोंद, जी व्यवहारी माणसाच्या आयुष्यात रोज घडते, तिच्यासाठी फार थोड्यांनी रकाना ठेवला आहे. थिंग्जमध्ये काम ‘रद्द’ म्हणून वेगळ्या खुणेने मिटवता येते, ही त्या मंडळींची समज मला त्यांच्या सर्व सौंदर्यापेक्षा अधिक भावते. ह्या मूक समुदायाने कधी अर्ज लिहिलाच, तर त्यात त्याने काय मागावे, हेही त्याला सांगता येणार नाही.

शेवटी आपल्या घरांतून जाऊ शकेल अशा एका मागणीचा विचार करतो, कारण तिच्यात आतापर्यंतच्या सर्व अडचणी एकत्र भेटतात. दररोज, दर आठवड्यास, दर महिन्यास, दर वर्षी, अशा धर्तीच्याच पुनरावृत्ती ही अ‍ॅप जाणतात. मराठी घरातील संकष्टी, एकादशी आणि वडिलांचे श्राद्ध ह्यांतील एकही ह्या चौकटीत बसत नाही. ‘तिथीप्रमाणे पुनरावृत्ती द्यावी’ हा अर्ज तीन शब्दांत लिहिता येतो आणि लिहिणाऱ्याला तो अगदी साधा वाटतो. आता समजा, एखाद्या चांगल्या कारागिराने उलट प्रश्न विचारला: तिथी कोणत्या क्षणीची धरावयाची? संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते, श्राद्धाला अपराह्णकाळी तिथी असावी लागते, आणि एकादशी स्मार्तांची एका दिवशी व भागवतांची दुसऱ्या दिवशी येऊ शकते. चंद्रोदय पुण्याचा धरावयाचा की न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाच्या गावचा? 2026 प्रमाणे अधिक ज्येष्ठ आला आणि त्या शकवर्षात संकष्टी तेरा झाल्या, तर अधिक मासात नेहमीच्या ज्येष्ठातील वर्षश्राद्ध दाखवावयाचे की निज मासात? अर्ज करणाऱ्या गृहस्थाला ह्यांपैकी निम्म्या प्रश्नांची उत्तरे घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय देता येणार नाहीत, आणि दोन घरांची उत्तरे जुळतील अशी खात्री नाही. मतदान घेतले तर ही मागणी तळाशी राहील हे उघडच आहे. तोपर्यंत रीत चालू आहे ती अशी की नवे कालनिर्णय भिंतीवर चढले की घरातील कोणीतरी फोन घेऊन त्याखाली बसावे, आणि बारा पाने उलटून एकेक चतुर्थी, एकेक एकादशी हाताने अ‍ॅपमध्ये चढवावी. चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात छापलेली असतेच, ती कामाच्या टिपणीत लिहिता येते.